नळावरचं कुंकू

शनिवार, २७ सप्टेंबर

खालचं बाथरूम आज पूर्ण झालं. अण्णा त्याला अजून बच्चलच म्हणतात. जुन्या बच्चलमध्ये तांब्याचा हंडा होता, गरम-गार पाण्याचे दोन वेगळे नळ होते, एक बादली होती आणि कायम ओली राहणारी फरशी होती. आता उंबरठा काढला आहे आणि पाय घसरणार नाही अशा टाइल्स लावल्या आहेत. उतार मी स्वतः पातळी लावून तपासला. दोन नळांच्या जागी एकच मूठ आहे. ती उचलली की पाणी येतं, डावीकडे वळवली की गरम, उजवीकडे गार. पाणी हातातल्या शॉवरमधून येतं आणि त्याच्या दांड्यावर चालू-बंदचं बटण आहे. गार पाण्याला प्रेशर पंप बसवला. सोलरची टाकी तेवढा दाब सोसणारी नाही, म्हणून गरम पाणी गच्चीवरून आपल्या वजनाने उतरतं. नकाशा माझा, निवडही माझी.

अण्णांनी मूठ दोनदा वर-खाली केली. "विमान चालवल्यासारखं वाटतंय."

आई म्हणाली, "बादली कुठे ठेवायची?"

"बादली लागणारच नाही."

"मग पाणी कसं आहे ते हात घालून बघायचं कुठे?"

मी तिला मूठ पुन्हा फिरवून दाखवली. ती "सरी, ठीक आहे" म्हणाली आणि बादली घेऊन बाहेर गेली.

अण्णांची एकच अट होती, हंडा मोडीत द्यायचा नाही. पाणी भरायच्या सणाला तो लागतो. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी तो घासून, चुना आणि काव यांचे पट्टे ओढून, पाणी भरून पुजायचा, आणि पहाटे त्याच पाण्याने सगळ्यांचं तेल-स्नान. पहिला तांब्या अण्णांच्या हातचा. माझ्या आठवणीत एकही दिवाळी याशिवाय गेलेली नाही. हंडा सध्या गच्चीवरच्या खोलीत आहे.

बुधवार, १ ऑक्टोबर

आयुधपूजा. स्कूटर, पंप, आईचं शिलाई मशीन, माझा मल्टिमीटर, सगळ्यांना गंध-कुंकू. आईने नव्या नळाच्या मुठीलाही लावलं. "तेही यंत्रच की."

झाडताना अण्णांच्या सपातेत एक स्क्रू सापडला. उपेंद्रच्या माणसांकडून पडलेला असणार. उपेंद्र म्हणजे ज्याने बाथरूमचं काम केलं तो कंत्राटदार. स्क्रूचं टोक तळव्यातून आत आलं होतं.

"हे टोचलं नाही?"

"सपात जाड आहे गं."

मी तळवा दोन बोटांत धरून पाहिला. फार जाड नाही. आईने सपात माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, टाकूनच देऊ.

शनिवार, ४ ऑक्टोबर

बिघाड आहे! नक्की आहे.

दोन दिवस वरच्या माझ्या बाथरूममध्ये पाणी कोमट येत होतं. ढग आहेत म्हणून मी सोलरला दोष दिला. काल दिवसभर कडक ऊन होतं, तरी आज सकाळी तापमापकाने एकोणतीस दाखवलं. हे पाणी तापलेलं नाही, नुसतं पाणी आहे.

मग दुसरं लक्षण सापडलं. घरात एकही नळ चालू नसताना प्रेशर पंप सुरू झाला, थोडा घुरघुरला, थांबला. थोड्या वेळाने पुन्हा.

तिसरं लक्षण शेजारच्या हेमावती आंटींनी भिंतीवरून दिलं. "काय आश्लेषा, तुमच्या सोलरच्या नळीतून थेंब थेंब गळतंय. माझ्या मोगऱ्याचा चिखल झाला. एवढं पाणी जास्त झालं असेल तर एक बिंदगी भरून इकडे पाठवा."

तीन लक्षणं आहेत आणि कारण एकच असणार. ऑफिसात मी दुसऱ्यांनी बनवलेले सेन्सर तपासते. ते बहुतेक बरोबरच असतात. खूप महिन्यांनी काहीतरी खरोखर चुकलेलं माझ्या हाताशी आहे. हे आनंदाने लिहू नये, पण लिहिते आहे.

रविवार, ५ ऑक्टोबर

उपेंद्र आला. भिंतीला कान लावला. टाइलवर बोटाने टकटक केलं.

"मॅडम, आत पाइप लीक आहे. ही लाइन फोडावी लागेल, ती लाइन फोडावी लागेल."

"लीक असेल तर ओल कुठे आहे?"

"ओल नंतर येते मॅडम. आधी मी येतो."

अण्णा म्हणाले, "फोडायचंच तर आत्ता फोडा. सणाला भोक नको."

आई म्हणाली, "काही फोडू नका. कोमट तर कोमट."

आईला कोमट चालतं याचं मला नवल वाटलं. इडली गार झाली तर ती बोलून दाखवते. मी उपेंद्रकडून पुढच्या रविवारपर्यंत मुदत मागितली. एकही टाइल न फोडता कारण शोधून दाखवीन, असं सगळ्यांसमोर म्हटलं. असं मी सहसा म्हणत नाही.

दुपारभर एकेक जोड तपासला. खाली सगळं उघडून बंद केलं, पंप ऐकला, गच्चीवर जाऊन नळ्या हाताने चाचपल्या. गच्ची तव्यासारखी तापली होती. चप्पल खाली राहिली होती म्हणून मी एका पायावर नाचत सावलीत पळाले. अण्णा टाकीजवळ अनवाणी उभे होते, शांतपणे, मला पाना देत. जुन्या लोकांना सवय असते.

सोमवार, ६ ऑक्टोबर

सकाळी वर बावन्न अंश. वाफ येत होती. पंप रात्रभर गप्प, मोगरा कोरडा.

मी काहीही दुरुस्त केलेलं नाही.

बुधवार, ८ ऑक्टोबर

काल पुन्हा कोमट, आज पुन्हा कोमट. पंपही पुन्हा आपणहून चालतोय. येणारा-जाणारा बिघाड हा सगळ्यांत कठीण प्रकार. मी फार खूश आहे.

ऑफिसमधून आल्यावर सगळं पुन्हा तपासलं. अण्णांची आंघोळ झालेली होती. हल्ली ते संध्याकाळी, मी यायच्या आत करतात. जन्मभर पहाटे करायचे. निवृत्त माणसाचं वेळापत्रक असंच सरकत असावं.

नळाच्या मुठीखालच्या चकतीवर आयुधपूजेचं कुंकू अजून तसंच आहे. आठवडाभर पाण्याखाली राहूनही गेलं नाही. आई कुंकू चांगल्या दुकानातून आणते.

ऑफिसातल्या प्रणीतच्या बहिणीच्या लग्नासाठी घेतलेली माझी लाल नेलपॉलिशची बाटली सापडत नाही. शुक्रवारी ऑफिसात कार्यक्रम आहे. तिच्याशिवाय जाईन.

शनिवार, ११ ऑक्टोबर

गुरुवारी संध्याकाळी गरम पाणी आलं. शुक्रवारी कोमट, आजही कोमट.

ऑफिसातून तीन जुने सेन्सर आणले आणि नळ्यांना बाहेरून बांधले. एक सोलरच्या टाकीजवळ, एक खालच्या बाथरूमच्या गरम नळीवर, एक गार नळीवर. आकडे फोनवर दिसतात. संध्याकाळी जिन्यात बसून आलेख पाहत होते. आई वाटीत दूध घेऊन आली आणि शेजारी बसली.

"काय दिसतं त्यात?"

"कुठे गरम, कुठे गार."

"हात न लावता?"

"हात न लावता."

तिने बराच वेळ त्या रेघांकडे पाहिलं. "चांगलंय," म्हणाली. मग म्हणाली, "माणसांना नको लावूस."

रविवार, १२ ऑक्टोबर

सापडलं. सापडलं!

सकाळी सगळ्या नोंदी समोर ठेवल्या. रविवारी तपासलं, सोमवारी पाणी गरम. बुधवारी तपासलं, गुरुवारी गरम. ज्या दिवशी मी हात लावत नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी कोमट. म्हणजे माझी तपासणीच दुरुस्ती होती. मग तपासताना मी असं काय करते, जे घरात दुसरं कोणी करत नाही?

शेवटी मी मूठ खाली दाबून पाणी बंद करते. बस.

धावत खाली गेले. मूठ वर उचललेली, गरम बाजूला वळवलेली. पाणी फक्त शॉवरच्या बटणाने अडवलेलं. म्हणजे नळाच्या पोटात गरम आणि गार या दोन्ही वाटा एकमेकींना खुल्या. गार पाण्यामागे पंपाचा जोर, गरम पाण्यामागे नुसतं वजन. गार पाणी गरम नळीत घुसतं, उलटं वर चढतं, सोलरच्या टाकीत शिरतं. टाकी थंड होते. जास्तीचं पाणी हवेच्या नळीतून आंटींच्या मोगऱ्यावर पडतं. दाब कमी झाला की पंप पुन्हा चालू. तीन लक्षणं, एक कारण. गळती कुठेच नाही.

मी जिन्यात उभी राहून मोठ्याने काहीतरी बोलले असावे, कारण अण्णा "कोण आलंय?" म्हणत बाहेर आले.

आईला विचारलं, "आंघोळ झाल्यावर मूठ उघडीच ठेवता?"

"बटण बंद करतो की. पाणी कुठे येतंय?"

मी आकृती काढून समजावलं. तिने ऐकलं, पण डोळे अण्णांकडे होते.

"मूठ तशीच असलेली बरी असते," ती म्हणाली.

"का?"

"सवय झाली."

हरकत नाही. माणसांच्या सवयी बदलण्यापेक्षा झडप बसवणं सोपं. पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या दोन झडपा उपेंद्रने दुपारी बाहेरच्या मोकळ्या नळ्यांत बसवून दिल्या. एकही टाइल फुटली नाही. "मॅडम, आता आमचा धंदा बसला," तो म्हणाला. त्याला कॉफी दिली. दोनदा.

आता मूठ कशीही ठेवा. पाणी गरमच राहणार.

सोमवार, १३ ऑक्टोबर

आजच लिहायला हवं.

दिवसभर कडक ऊन. ऑफिसात दर थोड्या वेळाने फोन बघत होते. टाकीचा आकडा आज कुठेही न अडखळता चढत होता. पाचनंतर एकसष्ट. प्रणीत माझ्या शेजारी बसतो. त्याला दाखवलं.

"झकास," तो म्हणाला. "पण खाली नळावर किती येतं?"

"मूठ कुठे आहे त्यावर."

"कुठे असते?"

"कुंकवाच्या ठिपक्यावर," मी म्हटलं.

म्हटलं आणि माझं मलाच ऐकू आलं.

कुंकू तेरा दिवस पाण्याखाली टिकत नाही. टिकते ती नेलपॉलिश. आणि मूठ रोज नेमकी त्याच जागी असते. तो ठिपका पूजेचा नव्हता. ती खूण होती. मुठीची जागा खुणेने ठरवावी कोणाला लागते? ज्याला पाण्याचं गरमपण कळत नाही त्याला. सपातेतला स्क्रू. तव्यासारख्या गच्चीवर शांतपणे उभे असलेले अण्णा. संध्याकाळची आंघोळ, मी घरी यायच्या आत. अण्णांना साखर, म्हणजे मधुमेह, आहे हे मला बारा वर्षांपासून माहीत आहे. ती पायांचं काय करते, संवेदना कशी घालवते, हेही माहीत होतं. दोन गोष्टी एकाच डोक्यात, शेजारी शेजारी, कधी न भेटलेल्या.

खूण केली तेव्हा टाकी कोमट असायची. मी ती बरी केली. आज त्याच खुणेवर उकळतं पाणी येणार होतं.

आईचा फोन वाजून वाजून थांबला. अण्णांचा बंद. मी जिना उतरता उतरता हेमावती आंटींना लावला.

"आंटी, आमच्या घरी जा, आत्ता. अण्णांना आंघोळीला जाऊ देऊ नका."

"अय्यो, काय झालं? गॅस?"

"पाणी."

"पाणी गेलं?"

"पाणी आलं! गरम! जा ना आंटी!"

इंदिरानगरहून जयनगरला संध्याकाळी जायचं. रिक्षावाला म्हणाला, "स्वल्प थांबा मॅडम, सिग्नल आहे." मी फोनकडे पाहत होते. खालच्या बाथरूमच्या गरम नळीची रेघ तोवर सरळ होती. मग ती उचलली. अडतीस. सत्तेचाळीस. म्हणजे पाणी वाहतंय. म्हणजे मूठ, बटण, पाय. पंचावन्न. मीच बांधलेला सेन्सर, मीच काढलेला आलेख, आणि रिक्षा डोमलूरच्या पुलाखाली उभी. रिक्षावाल्याने आरशात पाहिलं आणि काही न विचारता आडव्या गल्लीत घातली.

मग रेघ अचानक खाली वळली. पाणी बंद झालं होतं. का बंद झालं ते आलेख सांगत नाही.

घरी पोचले तर अण्णा हॉलमध्ये पंचा नेसून खुर्चीवर, पाय कोरडे, चेहरा रागावलेला. आंटी दारात नारळाची खोवणी हातात धरून उभ्या. तशाच धावल्या होत्या.

"ही बाई थेट बच्चलच्या दाराशी," अण्णा म्हणाले. "पाणी सोडू नका, पाणी सोडू नका, म्हणून ओरडतेय. मी पंचावर."

"पंचा होता म्हणून बरं," आंटी म्हणाल्या.

मी खाली बसून अण्णांचे पाय पाहिले. डाव्या अंगठ्यावर पट्टी, जुनी. बाकी काही नाही. लाल नाही, फोड नाही.

"पाणी सोडलं होतं ना? मला दिसलं."

"मीच सोडलं," आई म्हणाली. तिने बाही वर केली. कोपराजवळ कातडी लाल झाली होती, रुपयाएवढी. "चटकन लागलं. बंद केलं. खूण असली म्हणून काय झालं? कोपर लावल्याशिवाय मी त्यांना पाय पुढे करू देते होय?"

आंटींनी खोवणी टेबलावर ठेवली आणि बर्फ आणायला आत गेल्या.

"कधीपासून?" मी विचारलं.

"उगादीपासून. सहा महिने झाले," अण्णा म्हणाले. "आधी पाय. आता बोटांची टोकंही थोडी. डॉक्टर बघतात. औषध चालू आहे."

"पूर्वी बादलीत कोपर बुडवलं की झालं," आई म्हणाली. "तुझ्या नळात बुडवायला काही नाही. मग खूण केली. त्यांनी मूठ धरली की ती कुठे जाईल सांगता येत नाही, म्हणून म्हटलं, तुम्ही बटणच दाबा, मूठ मी लावून ठेवते. पाणी रोज कमी कमी गरम यायला लागलं, तशी खूण सरकवत गेले."

मी आत जाऊन पाहिलं. ठिपक्याच्या शेजारी दोन खरवडलेले ठिपके होते, एकापेक्षा एक गार बाजूला. सोलर किती गार होत गेला याची नोंद माझ्या सेन्सरच्या आठवडाभर आधीपासून ठेवली जात होती.

बाहेर येऊन म्हटलं, "मला का सांगितलं नाही?"

अण्णा खुर्चीच्या हाताकडे बघत राहिले. "तू माझ्या पायांना तारा लावल्या असत्यास. रोज संध्याकाळी माझा आलेख. मला बाप राहू दे की थोडे दिवस."

"लावल्याच असत्या हिने," आंटी बर्फ घेऊन येता येता म्हणाल्या.

"एका पायाला एकच," मी म्हटलं. खरंच तेवढ्याच लागल्या असत्या.

मग अण्णांना हसू आलं, त्यांच्यामुळे आंटींना, आणि आईला सगळ्यांत शेवटी, कोपरावर बर्फ धरून.

बुधवार, १५ ऑक्टोबर

सुट्टी घेतली. जयनगर चौथ्या ब्लॉकच्या दुकानातून असा नळ आणला, जो तापमान एकदा ठरवलं की त्याच्या वर जात नाही, टाकीत काहीही असो. उपेंद्रने बसवला. "किती डिग्रीला लावू मॅडम?" त्याने विचारलं. मी आईकडे पाहिलं. तिने आधी पाणी सोडायला लावलं, कोपर धरलं. "थोडं कमी. अजून. हां."

मी तापमापक धरला. साडेअडतीस. नळाच्या पुस्तिकेत दिलेला आकडा अडतीस.

बादलीही परत आणून ठेवली. जागा आहे. आधीही होती.

सेन्सर काढून टाकले. अण्णांना सांगितलं की पुढच्या वेळी डॉक्टरांकडे मीपण येणार. "प्रश्न तीनच विचारायचे," ते म्हणाले. मी पाच मागितले. चारवर ठरलं.

रविवार, १९ ऑक्टोबर

पाणी भरायचा सण. हंडा दोघींनी मिळून गच्चीवरून उतरवला. चिंच लावून घासल्यावर त्यात माझं तोंड दिसायला लागलं, आडवं पसरलेलं. आईने चुन्याचे आणि कावेचे पट्टे ओढले. हंडा बाथरूमच्या कोपऱ्यात, नव्या टाइल्सवर. नकाशात ही जागा मी रिकामी दाखवली होती.

हंड्याला कुंकू लावून झाल्यावर आईने नव्या नळालाही लावलं. मी निरखून पाहिलं.

"कुंकूच आहे," ती म्हणाली. "तुझी बाटली संपली."

सोमवार, २० ऑक्टोबर

पहाटे हंड्यातलं पाणी गॅसवर तापवून, पणती लावून तेल-स्नान. अण्णांनी नेहमीसारखं पहिलं तेल सगळ्यांच्या डोक्याला लावलं. पहिला तांब्या आईच्या अंगावर, दुसरा माझ्या. मला ते पाणी जरा गार लागलं. तक्रार केली नाही.

मग अण्णा पाटावर बसले. या वर्षी त्यांच्या पायांना तेल मी लावलं. तळवे, टाचा, बोटांच्या मधली जागा. स्क्रूची खूण भरून आली आहे. मी जोरात दाबलं तरी ते समोर पणतीकडे पाहत होते, म्हणून मी हळू दाबलं.

"पाणी बघतेस का?" आईने विचारलं. तिच्या कोपरावर अजून डाग आहे.

नळ होता, तापमापकही बाहेर खिडकीत होता. मी बाही वर करून हंड्यातून काढलेल्या पाण्यात कोपर बुडवलं आणि थांबले. इतका वेळ थांबले की आई गालात हसली.

"बरं आहे," मी म्हटलं.

"बरं म्हणजे?" अण्णांनी विचारलं. "किती?"